डी. एन. रोड: भिंत पाडून मुंबईला मिळालेला रस्ता

मुंबईत नोकरी केलेल्या माणसाला डी. एन. रोड, म्हणजे दादाभाई नौरोजी रोड, माहीत नाही असं होत नाही, पण तो नीट बघितलाय असं म्हणणारे फार थोडे निघतील. व्हीटीला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला, लोकलमधून उतरायचं, सबवेतल्या चार्जर आणि मोबाईल कव्हरवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत वर यायचं आणि मग कमानींच्या खालून भराभर फ्लोरा फाउंटनकडे सुटायचं, कारण मस्टर गाठायचं असतं. मान वर करून बिल्डिंग बघायला वेळ कोणाला आहे. आणि मान वर केलीच तर पहिला प्रश्न हाच पडतो की अरे या दोन बिल्डिंगींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही, एकीला टोकदार कमानी, शेजारचीला घुमट, तिसरीला ग्रीक देवळासारखे खांब, तरी पण सगळा रस्ता मिळून एक वाटतो, हे कसं काय?

याचं उत्तर सांगायचं तर तीनशे-साडेतीनशे वर्षं मागे जावं लागतं, आणि ते उत्तर मला फार आवडतं. कारण हा रस्ता कोणा एका मोठ्या आर्किटेक्टच्या डोक्यातून निघालेला नाही. आधी एक भीती होती, मग भरपूर पैसा आला, आणि शेवटी एक साधा सरकारी नियम झाला, त्यातून तो घडला.

भीतीपासून सुरू करू. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला लग्नाच्या करारात मिळालं ते १६६१ साली, आणि राजाने ते १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. आज फोर्टमध्ये तेवढ्यात महिनाभर गाडीसुद्धा पार्क करता येणार नाही. कंपनीने आधी किल्ला सांभाळला, मग चार्ल्स बून नावाचा गव्हर्नर १७१५ मध्ये आला आणि त्याच्या काळात गावाभोवती तटबंदी उभी राहिली. हाच तो कोट. जुनी मुंबईची माणसं ऑफिसला जायचं म्हणजे "कोटात जातो" म्हणायची ती याच्यामुळे. कोटाला तीन मुख्य दरवाजे होते, दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बाजार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. चर्च गेट हे नाव आत असलेल्या सेंट थॉमस चर्चवरून पडलं, ते चर्च १७१८च्या नाताळात सुरू झालं आणि अजून तिथंच आहे. म्हणजे आपण ज्याला चर्चगेट स्टेशन म्हणतो तिथे ना चर्च ना गेट. मूळ दरवाजा होता तो आजच्या हुतात्मा चौकात.

आता यात मराठी माणसाने कान टवकारावेत असा भाग आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीजांचा एवढा भक्कम किल्ला पडला म्हटल्यावर इकडे मुंबईत इंग्रजांची आणि व्यापाऱ्यांची झोप उडाली, उद्या मराठे माहीमची खाडी ओलांडून आले तर काय, आणि मग तटबंदीच्या बाहेरून खंदक खणायचं ठरलं. त्यासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली. त्या काळात तीस हजार! खंदकाचं काम १७४३पर्यंत चाललं. तिकडे कलकत्त्यातही नागपूरकर भोसल्यांच्या भीतीने १७४२ साली खंदक खणला, त्याचं तर नावच मराठा डिच पडलं. मुंबईच्या खंदकाला असं नाव चिकटलं नाही, पण भीती तीच होती.

या तटबंदीपायी खुद्द मुंबादेवीलाही जागा बदलावी लागली. तिचं जुनं देऊळ बोरीबंदरजवळ फाशी तलावापाशी होतं, म्हणजे आज व्हीटी स्टेशन आहे त्या भागात. १८व्या शतकात किल्ल्याच्या कामासाठी ती जागा हवी झाली म्हणून देऊळ तिथून हललं आणि पुढे आज आहे तिथे, भुलेश्वरच्या बाजूला आलं. जिच्या नावावरून शहर ओळखलं जातं तिलाच शहराच्या संरक्षणासाठी घर सोडावं लागलं, यावर काय बोलणार.

तर पश्चिमेकडच्या या भिंतीला लागून आतल्या बाजूने एक बारीकसा रस्ता जायचा. नंतर त्याला नाव मिळालं हॉर्नबी रोड, विल्यम हॉर्नबी या गव्हर्नरवरून, जो १७७१ ते १७८४ इथे होता. हाच पुढे डी. एन. रोड झाला. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधली खिंड बुजवून समुद्र अडवणारा हॉर्नबी वेलार्ड बांधणारा तोच हा. एका बाजूला घरं आणि समोर आडवी उभी भिंत, असा तो रस्ता. हवा यायला जागा नाही, रुंदी नाही, आणि भिंतीच्या पलीकडे खंदकात साचलेलं घाण पाणी. कोटाच्या आत उत्तरेकडे पारशी, गुजराती, बोहरी असे आपले लोक दाटीवाटीने राहायचे आणि दक्षिणेकडे इंग्रज, मध्ये चर्च गेटपासून जाणारा रस्ता हीच त्यांची हद्द. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात भयंकर आग लागली आणि उत्तरेकडचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर सरकारने बऱ्याच लोकांना भिंतीबाहेर नेऊन बसवलं, त्यातून मांडवी, काळबादेवी, भुलेश्वर या बाजूची वस्ती भराभर वाढली. भिंतीच्या पश्चिमेला मात्र मुद्दाम मोकळं मैदान ठेवलं होतं, तोफांच्या माऱ्यात काही आडवं येऊ नये म्हणून. आज आपण आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज म्हणून ज्यावर क्रिकेट-फुटबॉल खेळतो ते त्या मोकळ्या जागेचे उरलेले तुकडे आहेत. म्हणजे शिवाजी पार्क सोडलं तर मुंबईच्या मैदानी क्रिकेटने त्या तोफांचे आभार मानायला हवेत.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आता ज्यांच्यापासून वाचायला एवढी भिंत आणि खंदक केला तो शत्रूच उरला नाही. पण सरकारी वस्तू एकदा बांधली की पाडायला वेळ लागतो, हे तेव्हाही खरंच होतं, त्यामुळे आणखी चाळीसेक वर्षं भिंत तशीच उभी, खंदकात डास, आणि आत दिवसेंदिवस वाढती गर्दी. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे गेली तेव्हासुद्धा भिंत होतीच. म्हणजे आगगाडीचं नवीन युग दारात आलेलं आणि दाराला मात्र जुन्या किल्ल्याचं कुलूप, असा सगळा प्रकार.

भिंत पडली ती सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तो १८६२ मध्ये आला. त्याने तट पाडायचं मनावर घेतलं, त्यासाठी वेगळी कमिटी नेमली आणि दोन-चार वर्षांत दरवाजे, बुरूज सगळं भुईसपाट केलं. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, काळा दगड, जाड भिंत, पण तो उत्तरेकडच्या वाढवलेल्या भागाचा, आणि तिथे जाणारे लोक पेशंटच्या काळजीत असतात त्यामुळे तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

भिंत पाडायला आणि त्या जागी नवीन काही बांधायला पैसा कुठून आला, हा प्रश्न महत्त्वाचा. तो आला कापसातून. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी सुरू झाली, तिकडच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला कापूस इंग्लंडला जाणं बंद पडलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना एकदम हिंदुस्थानचा कापूस लागायला लागला. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथला कापूस मुंबई बंदरातून जायचा. भाव असे चढले की विचारू नका, पैसा ठेवायला जागा नाही म्हणून कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद तेव्हाचा सट्टेबाजीचा राजा, आणि बॅक बे भरणीच्या कंपनीचा पाच हजाराचा शेअर पन्नास हजाराच्या वर गेला. मग १८६५ मध्ये तिकडे यादवी संपली आणि इकडे सगळं कोसळलं. कित्येक शेठ लोक रस्त्यावर आले. पण तोपर्यंत भिंत गेलेली होती, जागा मोकळी झालेली होती आणि रस्ते आखले गेले होते. शेअर बुडाले तरी रस्ते राहिले.

फ्लोरा फाउंटन त्याच तेजीतलं, १८६४चं. चर्च गेट पाडलं बरोबर त्या जागेवर. मुळात ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे राणीच्या बागेत बसवायचं होतं, बागायती सोसायटीने त्यासाठीच करून घेतलं होतं, म्हणून तर वर फुलांची रोमन देवी फ्लोरा उभी आहे. सत्तेचाळीस हजार रुपये खर्च आला, त्यातले वीस हजार कर्सेटजी फर्दूनजी पारेख यांनी दिले. शेवटी ते बागेत न जाता आले चौकात. बरंच झालं म्हणायचं, राणीच्या बागेत असतं तर ते पेंग्विनच्या रांगेत हरवलं असतं.

रस्त्याचं दुसरं टोक म्हणजे क्रॉफर्ड मार्केट, आताचं महात्मा जोतिबा फुले मंडई. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, १८६५ मध्ये नेमलेला, आणि मार्केट पूर्ण झालं १८६९ मध्ये. दारावरच्या कमानींत शेतकऱ्यांची कोरीव चित्रं आहेत ती लॉकवूड किपलिंगने केलेली, तो शेजारच्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा, आणि जंगलबुकवाला रुडयार्ड किपलिंग हा त्याचा मुलगा १८६५ मध्ये त्याच आवारात जन्मला. क्रॉफर्डसाहेबांचं पुढे काय झालं ते पण सांगून टाकतो, कारण ते पुण्याशी जोडलेलं आहे. १८८८ मध्ये ते पुण्याकडे मोठ्या हुद्द्यावर असताना लाचलुचपतीच्या प्रकरणात सापडले, चौकशी बसली, नोकरी गेली, आणि ज्या मामलेदारांनी सरकारचं अभय मिळाल्यावर साक्षी दिल्या त्यांच्यावरच कारवाई करा अशी ओरड झाली तेव्हा मामलेदारांची बाजू घेऊन लोकमान्य टिळक उभे राहिले. मार्केटचं नाव सरकारदरबारी केव्हाच बदललं, पण टॅक्सीवाल्याला फुले मंडई म्हणून बघा, तो आधी तुमच्याकडे बघेल.

मधला टप्पा म्हणजे व्हीटी. काम सुरू १८७८, पूर्ण १८८८, आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, खर्च सोळा लाखांच्या थोडा वर. सोबत सीताराम खंडेराव वैद्य नावाचे आपले इंजिनिअर होते, त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं. बाहेरचं कोरीवकाम जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं. कधी पाच मिनिटं हाताशी असली तर समोरच्या फुटपाथवर उभं राहून फक्त खालचे खांब आणि कोपरे बघा. गेटच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ, सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान असा त्यांचा हिशेब. खांबांच्या वरच्या पानाफुलांत नीट नजर घातली की मोर, माकडं, मुंगूस असलं काय काय दिसायला लागतं, दगडात कोरलेलं पण अगदी आपल्या परसातलं. डिझाईन लंडनच्या चालीचं असेल, पण छिन्नी धरणारी पोरं इथली होती आणि त्यांनी आजूबाजूचे प्राणी घुसवलेच.

स्टेशनच्या समोर तिरकी महापालिकेची बिल्डिंग, तीसुद्धा स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. समोर पुतळा फिरोजशहा मेहतांचा. ज्या १८८८च्या कायद्यावर मुंबई महापालिका आजही चालते त्या कायद्यामागे त्यांचा मोठा हात होता, म्हणून ते तिथे उभे. एकाच माणसाच्या दोन बिल्डिंगी चौकात एकमेकींसमोर, एकीत रेल्वे आणि दुसरीत नगरपालिका, आणि बघणाऱ्याला त्या दोन वेगळ्या हातांच्या वाटतात, कारण स्टेशनात टोकदार कमानींची युरोपियन गॉथिक शैली जास्त आणि पालिकेच्या घुमटांत मुघली, विजापुरी वळणाचा भास जास्त. मला पालिकेची जास्त आवडते. ऐकून व्हीटीप्रेमी चिडतील, चिडू देत.

आता मुद्द्यावर येतो, तो नियमाचा. व्हीटीपासून फाउंटनपर्यंतच्या पट्ट्यात भिंतीची आणि आसपासची जी जागा मोकळी झाली त्यावर साधारण १८८५ ते १९१९ या काळात बिल्डिंगी उठल्या. मालक सगळे वेगळे. कोणी पारशी ट्रस्ट, कोणी इन्शुरन्स कंपनी, कोणी इंग्रजी दुकान, कोणी वर्तमानपत्र. प्रत्येकाला आपली बिल्डिंग शेजारच्यापेक्षा उठून दिसायला हवी होती. अशा वेळी शहर दोन गोष्टी करू शकतं. एक म्हणजे सगळ्यांना एकच नकाशा देऊन टाकायचा. हॉर्निमन सर्कलला तेच केलंय, तिथे गोलाकार एकसारख्या इमारती आहेत, १८६०च्या दशकात आखलेल्या, छान दिसतात पण थोड्या युनिफॉर्म घातल्यासारख्या. दुसरा मार्ग डी. एन. रोडवर वापरला. १८९६ मध्ये नियम झाला की इथे बांधणाऱ्या प्रत्येकाने तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने लोकांना चालायला छत असलेला कमानींचा ओटा ठेवायचा, आर्केड म्हणतात तो. वर काय करायचं ते करा, गॉथिक करा, घुमट करा, खांब लावा, सरकार मध्ये पडणार नाही. पण खाली कमान हवी आणि ती शेजारच्या कमानीला जोडून हवी.

यात गंमत कशी आहे बघा. मालकाचं फार नुकसान नाही, कारण आर्केडच्या वरची जागा त्याचीच, मजले थेट रस्त्याच्या कडेपर्यंत येतात. दुकानदाराला फायदा, कारण गिऱ्हाईक उन्हातून किंवा पावसातून पळत जाण्याऐवजी सावलीत रेंगाळतं आणि काचेतून माल बघतं. शहराला एक पैसा खर्च न करता फुटपाथ मिळतो, तोही छत्रीसकट. मुंबईच्या जुलैमध्ये ज्याने फाउंटनहून व्हीटी गाठलीय त्याला या नियमाची किंमत सांगायला नको, मध्ये गल्लीचं तोंड आलं तेवढंच भिजायचं, बाकी कोरडं. आणि डोळ्याला जो एकसंधपणा वाटतो तो इथूनच येतो. लग्नाच्या ग्रुप फोटोत प्रत्येकाने आपापल्या आवडीचे कपडे घातलेत पण चपला मात्र सगळ्यांना एकाच दुकानातून आणून दिल्यात, तसं हे.

त्यामुळे इमारतींची नावं पाठ करण्यापेक्षा कमानींची जात ओळखायला शिका असं मी सांगेन, ते जास्त मजेचं आहे. वरून टोकदार होत गेलेली कमान दिसली की गॉथिक, १८९८ची जे. एन. पेटिट लायब्ररी बघा, टोकदार खिडक्या, नक्षीदार दगड, आत पुस्तकांचा वास. ही संस्था मूळची १८५६ची. पूर्ण गोल कमान, जाड सरळ खांब, वर त्रिकोणी कपाळ असं दिसलं की क्लासिकल. आणि वाच्छा अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, १८८१ची, ती तर सगळ्यांपेक्षा निराळी, दारावर प्राचीन इराण-असिरियातले पंखवाले प्राणी, कारण पारशी समाजाला आपली मुळं तिकडची दाखवायची होती. अग्यारीत पारशांशिवाय कोणाला प्रवेश नाही, बाहेरूनच बघायचं, आणि तेवढंही पुरे आहे. दगडाकडेही बघा, मालाडचा पिवळसर दगड या काळातल्या बऱ्याच इमारतींत आहे, म्हणजे फोर्टचा रुबाब उपनगरातल्या खाणींतून आलाय.

नियम झाला त्याच १८९६ मध्ये शहरात प्लेग आला, मांडवीपासून सुरुवात, लोक शहर सोडून पळाले. तरीही या रस्त्यावरची बांधकामं पुढे चालूच राहिली. ट्राम तर आधीच आलेली, १८७४ मध्ये घोड्यांची, कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाणारी, १९०७ मध्ये विजेची झाली आणि १९६४च्या मार्चअखेर कायमची बंद पडली. मुंबईची पहिली मोटार बससुद्धा १५ जुलै १९२६ला अफगाण चर्चहून निघाली ती क्रॉफर्ड मार्केटपर्यंत.

दुकानांचं सांगायचं तर एक उदाहरण बास आहे. व्हाइटअवे लेडलॉ नावाचं इंग्रजी साहेबी दुकान होतं या रस्त्यावर, विलायती कपडे, टोप्या, सगळा साहेबाचा संसार. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आलं. विलायती कापडाच्या होळ्या ज्या शहरात झाल्या त्या शहरात साहेबाच्या दुकानात खादीचे तागे. इतिहासाला विनोदबुद्धी आहे असं म्हणायला ही जागा चांगली आहे.

नावाचं पण तसंच. स्वातंत्र्यानंतर हॉर्नबी गेला आणि दादाभाई नौरोजी आले. १८२५ ते १९१७ एवढं मोठं आयुष्य, एल्फिन्स्टन कॉलेजात प्रोफेसर, १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेलेले. आयुष्यभर त्यांनी एकच हिशेब मांडला, हिंदुस्थानातून दरवर्षी किती संपत्ती इंग्लंडला वाहून जाते. आणि आता ज्या रस्त्यावर त्या काळच्या पैशाचा सगळा झगमगाट दगडात उभा आहे त्यालाच त्यांचं नाव. बॅक बेचा शेअर पन्नास हजाराला जाताना कापूस पिकवणाऱ्या कुणब्याच्या हातात काय आलं, हा प्रश्न दादाभाईंच्या हिशेबाचाच आहे. त्यांचा पुतळा फाउंटनच्या बाजूला बसलेला आहे. बहुतेक लोक त्याला वळसा घालून सिग्नल पकडतात.

अजून एक नाव इथे घ्यायलाच हवं आणि ते पर्यटनाच्या माहितीत सहसा नसतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि जून १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. सुरुवातीला ते मरीन लाइन्सच्या बराकीत होतं, मग याच डी. एन. रोडवर आनंद भवन आणि बुद्ध भवनात आलं. सकाळचं कॉलेज, कारण पोरांना नंतर नोकरीवर जायचं असायचं. गिरणगावातून, बीडीडी चाळींतून, कोकणातून आलेली कितीतरी पोरं याच कमानींखालून वह्या घेऊन गेली आणि कोणी वकील झाली, कोणी क्लार्क, कोणी लिहायला लागली. कंपन्यांनी आपला थाट दाखवायला बांधलेल्या रस्त्यावर गरिबाघरच्या मुलांचं कॉलेज, मला तर या रस्त्याच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो, व्हीटीच्या घुमटापेक्षाही.

आणि फाउंटनचा हुतात्मा चौक कसा झाला ते तर आपल्याला शाळेत शिकवलेलंच असतं, पण रस्त्याच्या नकाशावर ठेवून बघितलं की जास्त कळतं. २१ नोव्हेंबर १९५५, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी, विधानसभेवर मोर्चा. एक लोंढा चर्चगेटच्या बाजूने आला आणि दुसरा बोरीबंदरकडून, म्हणजे याच रस्त्याने, आणि दोन्ही येऊन मिळाले फ्लोरा फाउंटनला. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. लाठ्या झाल्या, अश्रुधूर झाला, मग गोळीबार, त्यात पंधरा माणसं गेली. पुढे १९५६च्या जानेवारीत आणि नंतरही गोळ्या चालल्या, १०५ हुतात्मे हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला, यादी नंतर वाढली. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. फाउंटनच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत ते स्मारक त्यांचं. जिथे एकेकाळी मराठे येतील म्हणून दरवाजा बंद व्हायचा त्याच जागेवर मराठी माणसाने मुंबई मागून घेतली, हे योगायोगाने झालं असलं तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत रस्त्याची अवस्था बिघडली. भाडी गोठलेली, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही, आणि दुकानदारांनी कमानींवर एकावर एक फ्लेक्स, ग्लो-साइन, एसीचे डबे, वायरी टाकून कमान शोधावी लागेल असं करून ठेवलं. १९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींसाठी नियम आले, देशात असे नियम करणारं हे पहिलं शहर, आणि दशकाच्या शेवटी आभा नारायण लांबा या आर्किटेक्टने या रस्त्याचा अभ्यास करून पाट्यांचं काम हातात घेतलं. तत्त्व एकदम सोपं, पाटी लावा पण ती कमानीच्या आत बसवा, कमान झाकू नका. दुकानदार आधी कुरकुरले, पाटी लहान झाली तर धंदा जाईल म्हणून, मग एकेकाने केली, बरी दिसली, मग शेजाऱ्याने केली. परत तीच गोष्ट, कोणाच्या बिल्डिंगला हात न लावता एक साधी अट. आता काही ठिकाणी पाट्या पुन्हा फुगायला लागल्यात, ते वेगळं.

फेरीवाल्यांचा विषय काढला की दोन तट पडतात. कमानींखाली बेल्ट, घड्याळं, परफ्यूम, जीन्स, कॅल्क्युलेटर, जुनी पुस्तकं, काय वाटेल ते मिळायचं आणि बरंचसं अजून मिळतं. चालणाऱ्याची अडचण होते हे खरंच आहे. पण आर्केड बांधला तोच मुळी माणसं सावलीत रेंगाळावीत आणि खरेदी करावी म्हणून, फक्त काचेच्या आतल्या दुकानाऐवजी काचेबाहेरच्या माणसाने त्याचा फायदा घेतला. मी स्वतः पहिलं ऑफिसचं पाकीट तिथूनच घेतलं होतं, त्यामुळे मला यात निष्पक्ष समजू नका.

रस्त्याच्या खाली आता नवीन प्रकरण झालंय. मेट्रो तीनचा बोगदा या भागाखालून गेलाय. काम चालू असताना २०१७ मध्ये पेटिट लायब्ररीच्या इमारतीचा दगडी तुकडा पडला, हादऱ्यांचा वाद हायकोर्टात गेला, काम काही काळ थांबलं. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्ग कफ परेडपर्यंत सुरू झाला आणि सीएसएमटी व हुतात्मा चौक अशी दोन स्टेशनं मिळाली. त्यामुळे बघायला जायचं तर सोपं झालंय, रविवारी सकाळी हुतात्मा चौकाला उतरा, गर्दी नसते आणि बहुतेक शटर खाली असतात म्हणून दुकानांऐवजी खांब दिसतात. जाताना कमानींच्या आतून चला, पण मधून मधून रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर या, नाहीतर वरचं काहीच दिसणार नाही. पेटिट, मग अग्यारी, मग व्हीटी असं सावकाश चालत क्रॉफर्ड मार्केटपर्यंत दीडेक किलोमीटर होतं. मे महिना असला तर शेवटी आंबे घ्या, पेटी उघडून खालचा थर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.